मोबाइलमधलं गाऱ्हाणं

मोबाइल सापडला तो मसाल्याच्या डब्यात. डबा रिकामाच होता, पण झाकण उघडलं मात्र, असा काही ठसका लागला की शेजारच्या कदमकाकूंनी गॅलरीतूनच विचारलं, "काय गो, मसालो करतंस की सामान बांधतंस?" डब्याच्या तळाशी हिंगाचा एक खडा होता, जुन्या रबराचं वेटोळं होतं, आणि फडक्यात गुंडाळलेला तो. काळा, बटणांचा, कोपरे घासलेला. नाकाशी धरला तर लाल मिरची, धणे आणि दगडफूल. इंग्लंडमधल्या कुठल्याशा बंदरावर विकत घेतलेल्या वस्तूला लालबागच्या मसाल्याचा वास यावा, याची मला इतकी गंमत वाटली की सामान बांधायचं सोडून मी खाली फतकल मारून बसले.

तसं बसायला सवड नव्हती. आमच्या चाळीच्या जागी टॉवर होणार आहे. बिऱ्हाडं एकेक करून गेली, मजल्यावर उरलो आम्ही आणि कदमकाकू. बोटीवरची नोकरी संपवून कायमचा घरी आलेला माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आईला घेऊन तात्पुरत्या जागेत जायचा होता आणि मी बांधाबांधीसाठी रोज दादरहून येत होते. भांडी झाली, गाद्या झाल्या, देव तेवढे राहिले. पण आईच हलेना.

"गाऱ्हाणा घातल्याशिवाय मी हयसून हलाचंय नाय," तिने सांगून टाकलं होतं.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्या कोकणातलं देवापुढचं बोलणं. घरातला कर्ता उभा राहून देवाला, पूर्वजांना, जागेच्या राखणदाराला हाक मारतो, काय हवंनको ते साध्या बोलीत सांगतो, आणि प्रत्येक वाक्यासरशी बाकीचे सगळे म्हणतात, "होय म्हाराजा!" हे पाठांतर नव्हे, त्याचं पुस्तकही नाही. ज्या त्या घराचं गाऱ्हाणं वेगळं. आमचं बाबा घालायचे. त्यांच्यामागे आई नुसते हात जोडत आली, तेवढ्यावर वर्षं निघाली. पण आता जागाच सोडायची. ज्या राखणदाराने संसार सांभाळला त्याला न सांगता, पाठ फिरवून निघायचं? आणि सांगायचं तर बाबांच्याच शब्दांत. दादाचा उमेदीचा सगळा काळ दर्यावर गेलेला. त्याने ते गाऱ्हाणं धड ऐकलेलंच नाही. मला सुरुवात आठवते, शेवट आठवतो, मधलं सगळं धुकं. आई म्हणते, "माका काय ठावक? मी होय म्हाराजा म्हणा होतंय."

दादाने समजावलं, चिडला, दोन दिवस बोलला नाही. आई पाटावर बसून राहिली. बिल्डरचा माणूस येऊन आर्जवं करून गेला. आई त्याला चहा द्यायची आणि नाही म्हणायची.

आणि माझ्या हातात तो मोबाइल. बघता बघता आठवलं. अगं बाई! बाबांचं गाऱ्हाणं ह्याच्यात आहे.

मला चौकशा फार. लहानपणी बाबा मला एसटी स्टँडावरची चौकशी खिडकी म्हणायचे. घड्याळाचा काटा कोण ढकलतं, नळाला पाणी यायच्या आधी तो खाकरतो का, मसाल्याच्या गिरणीतले लोखंडी दांडे एकमेकांवर आपटत कसे नाहीत. चैत्र-वैशाखात आमची गल्ली लाल व्हायची. मिरच्या गच्चीवर, गॅलरीत, वाकड्या खाटेवर. डोळे चुरचुरायचे, शिंका थांबायच्या नाहीत, आणि मी गिरणीच्या दारात तोंडावर ओढणी धरून दांड्यांची उठबस बघत उभी. आई मसाला दळून आणायची, डब्यात दाबून भरायची आणि वर हिंगाचा खडा ठेवायची. त्या खड्याने किडा कसा काय लागत नाही, हेही मी विचारलं होतं. आई म्हणाली, "किडो तुझ्यासारखो चौकशी करणा नाय, वास इलो की जाता."

तेव्हा फोन म्हणजे कदमांचा फोन. दादा कुठल्याशा बंदरातून लावायचा आणि काकू गॅलरीभर ओरडत यायच्या, "बोटीरसून फोन इलो!" आई हातातलं पीठ तसंच घेऊन धावायची. त्यांच्या फोनच्या दांड्यावर आईच्या पिठाची बोटं कायम असायची. बोलणं काय, तर "जेवलंस मां?" आणि "थंडी आसा?" पलीकडे खरखर, वारा, मधेच एखादा भोंगा. फोन ठेवल्यावर मी विचारायची, भोंगा कुठला होता? बंदराचा की बोटीचा? आई म्हणायची, भोंगे सगळे सारखेच. बाबांच्या कापड गिरणीच्या भोंग्यावर जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिला तो कुठलाही असता तरी काय फरक पडणार होता.

मग एकदा दादाच्या बोटीवरचा मित्र सुट्टीवर आला तो लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला हा मोबाइल घेऊन. सोबत चॉकलेटं आणि साबणाची वडी. मोज्याला, चॉकलेटला, मोबाइलला, सगळ्याला त्या साबणाचा वास. अख्खा मजला आमच्या खोलीत. बाबांनी चष्मा पुसून घातला. नवं कोरं सिम आणलेलं होतं, ते मी आत सरकवलं. पडदा उजळला, सगळ्यांनी माना पुढे केल्या, आणि वर इंग्रजी अक्षरं आली.

"काय म्हणता तो?" बाबांनी विचारलं.

"हे सिम चालणार नाही म्हणतो. कोड टाका म्हणतो."

"कसलो कोड?"

"लॉक आहे, बाबा. ज्या कंपनीचा आहे तिचंच सिम चालणार. दुसऱ्या कंपनीचं नाही."

"मेल्यांनू, इकत घेतलो मां? मगे तो आपलो. आपल्या वस्तूक दुसऱ्याचा कुळूप?" बाबांना हे काही केल्या पटेना. मलाही पटत नव्हतं, पण माझं डोकं दुसरीकडे धावलं होतं. कुलूप आहे तर ते आहे कुठे? मी मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, टॉर्च मारून आतली सोनेरी टिकली बघितली. कुलपासारखं काहीच नव्हतं. दादाने घातलेलं तिकडचं सिम परत टाकलं की तो निमूट उघडायचा. रेंज शून्य, फोन लागत नाही, पण गजर, कॅमेरा, रेकॉर्डर सगळं सुरू. आमचं सिम टाकलं की तोंड मिटून बसायचा. घरात आलेल्या पाहुण्याने फक्त आपल्या माणसाशी बोलावं, तसा.

बाबांनी दोन दिवस विचार केला. रविवारी सकाळी अंघोळ करून आले आणि म्हणाले, "कुळूप आसा म्हणजे राखणदार आसतलो. तेका कोणी सांगलाच नाय, ह्यो फोन खयल्या घरात इलो तो."

आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. त्यांनी मोबाइलमध्ये आमचं सिम घालायला लावलं, तो देवापुढे पाटावर ठेवला, नारळ मांडला, विडा मांडला. आतून कोलंबीच्या सुक्याचा वास येत होता आणि आई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. कदमकाकू आल्या. बाबांनी डोळे मिटले.

"बा राखणदारा म्हाराजा! जो कोण ह्या फोनात बसलेलो आसशील, देशी आस नायतर परदेशी आस..."

"होय म्हाराजा!"

"माझ्या झिलान कष्टान घेतलेली वस्तू आसा. तेची वळख पटवून घे, आणि ह्यो मार्ग मोकळो करून दी!"

"होय म्हाराजा!"

माझं हसू असं काही उसळलं होतं की मी ओढणी तोंडात कोंबली. मग बाबांनी कोड म्हणून टाकला आपला गिरणीतला बिल्ला नंबर. गिरणी बंद होऊन युगं लोटली, पण त्यांच्या लेखी त्या नंबरावर दार उघडणार नाही असं होणारच नव्हतं. फाटकावर बिल्ला दाखवला की आत घेतात, इतकं ते सरळ होतं. मोबाइल म्हणाला, चूक. आईने दादाची जन्मतारीख सुचवली. चूक. काकूंनी गावच्या घराचा नंबर टाकायला लावला. तोही चूक. प्रत्येक वेळी थोडं खोबरं वाटलं जात होतं आणि उत्साह वाढत होता. तेवढ्यात पडद्यावर उमटलं की आता एकच संधी उरली, नंतर कायमचा बंद. मी झडप घालून मोबाइल उचलला.

"तेका मालवणी कळणा नाय वाटता," बाबा जरा खट्टू होऊन म्हणाले. "तू कॉलेजात जातंस मां? तू इंग्लिशीत सांग."

तर असा तो आमच्यात राहिला. फोन असून फोन नसलेला. तिकडचं सिम घालून मी त्याच्यात आवाज साठवायला लागले. फार बोलणारी माणसं ऐकत नाहीत म्हणतात. मी मात्र ते वर्षभर कान होऊन हिंडले. मसाल्याच्या गिरणीची धडधड. पहाटे खाकरणारा नळ. परळच्या गणपतीच्या कारखान्यात ओल्या मातीवर फिरणारा हात, त्याचा आवाज येतच नव्हता, पण मी रेकॉर्डर धरून बसले होते आणि रंगाचा वास डोक्यात भिनला होता. हिंदमाताच्या दुकानात साड्यांच्या घड्या उलगडताना होणारा फटकारा. कदमकाकूंचं हसणं. मग देवदिवाळी आली. त्या दिवशी आमच्यात केळीच्या पानांवर सगळ्यांचे वाटे मांडतात. कुळाचा, पूर्वजांचा, राखणदाराचा. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, तांदळाची खीर. माझे दोन्ही हात पानं मांडण्यात अडकलेले, म्हणून मी रेकॉर्डर सुरू केला आणि मोबाइल आईच्या हातात दिला. बाबांनी गाऱ्हाणं घातलं. ते लांबलचक, संथ, घरगुती गाऱ्हाणं.

पुढच्या सुट्टीत दादा आला आणि तिकडचं सिम काढून घेऊन गेला. त्याला बंदरात तो नंबर लागायचा. सिमशिवाय तो उघडायचाच नाही, त्यामुळे मोबाइल मिटला तो मिटलाच. मग नवे मोबाइल आले, कदमांचा फोन गेला, माझं लग्न झालं, बाबा गेले. आईने तो मसाल्याच्या डब्यात कधी ठेवला हे तिलाच आठवत नाही. हिंगाचा खडा मात्र तिनेच टाकला असणार, किडा लागू नये म्हणून.

"आई, ह्याच्यात बाबांचं गाऱ्हाणं आहे," मी म्हटलं. आईने मोबाइल हातात घेतला, पदराने पुसला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मला भीतीच वाटली. न निघालं तर?

दादरला स्टेशनजवळच्या गल्लीत मनोजभाईंचं मोबाइलचं दुकान आहे. दादा आणि मी गेलो. मनोजभाईंनी मोबाइल हुंगला. "ताई, ह्याला फोडणी दिली होती काय?" मग हसत हसत फुगलेली बॅटरी काढली, शोधून दुसरी आणली, माझं टिचभर सिम प्लास्टिकच्या चौकटीत बसवून आत घातलं. पडदा उजळला. तीच इंग्रजी अक्षरं. इतक्या वर्षांत त्याने आपला हेका सोडला नव्हता.

"एकच चान्स दाखवतोय. आधी कोणी खेळलंय ह्याच्याशी," मनोजभाई म्हणाले.

"बाबांनी बिल्ला नंबर टाकला होता," दादा म्हणाला. त्याला ही गोष्ट मी रस्त्यात सांगितली होती आणि फुटपाथवर उभा राहून तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता.

दादाचं तिकडचं सिम कधीच हरवलं होतं, म्हणजे कोड मागवावा लागणार होता. ती कंपनीच आता राहिलेली नाही, पण तिकडे असे जुने कोड काढून देणारे लोक असतात म्हणे. तोवर माझ्या चौकशा. कुलूप नेमकं असतं कुठे? मनोजभाईंनी सांगितलं ते असं, की मोबाइलच्या पोटात कंपनीची खूण लिहिलेली असते, सिमच्या पोटातही त्याच्या कंपनीची असते. मोबाइल दोन्ही ताडून बघतो. जुळली तर ये, नाही तर फूट. कोड टाकला की तो ताडून बघायचं सोडून देतो. मग कुठलंही सिम त्याला चालतं.

"म्हणजे कुलूप तुटत नाही? तो फक्त विचारायचं थांबतो?"

"तसंच समजा ना, ताई."

घरी जाताना मला वाटत राहिलं, बाबा फार चुकले नव्हते. आत कोणीतरी बसलेलं होतं आणि ते ओळख विचारत होतं.

कोड आला तेव्हा मनोजभाईंनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "नंबर मी टाकलाय. ओके तुम्ही दाबा. उडाला तर माझ्या नावाने शंख नको." दादा काउंटरला धरून उभा. आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. सकाळी आम्ही चाळीतून निघताना तिने नुसता माझ्या जेवणाच्या डब्यात एक जादा वडा घातला होता. मी बटणावर अंगठा ठेवला आणि तोंडातून आपसूक गेलं, "बा राखणदारा म्हाराजा, मार्ग मोकळो करून दी."

"होय म्हाराजा," दादा हळूच म्हणाला.

पडदा क्षणभर काळा झाला. मग कोपऱ्यात रेंजच्या दांड्या उभ्या राहिल्या, एकामागून एक. मनोजभाईंनी टाळी वाजवली. आम्ही मात्र काहीच ऐकलं नाही. आईच्या आधी ऐकायचं नाही, असं न बोलताच ठरलं होतं.

खोलीत देव तेवढे भिंतीवर. आई पाटावर, कदमकाकू दारात. मी एकेक आवाज लावत गेले. गिरणीची धडधड आली आणि काकूंना खरोखरच शिंक आली. नळ खाकरला. काकू हसल्या, मोबाइलमध्येही आणि दारातही. मग पानं मांडल्याचा आवाज. आई पुढे सरकली.

पंख्याची घरघर. लांब कुठेतरी पुरुषी गुणगुण, भिंतीपलीकडून यावी तशी. आणि एकदम, मोठ्याने, कानाला लागून, "होय म्हाराजा!"

आईचा आवाज. तरुण, खणखणीत. पुन्हा गुणगुण. पुन्हा "होय म्हाराजा!" पुन्हा गुणगुण.

मोबाइल आईच्या मुठीत होता ना. तोंडापाशी धरलेला. बाबा पलीकडे देवांपुढे, पंख्याखाली. त्यांचा एक शब्द कळेल तर शपथ. "म्हाराजा" कळत होतं, एकदा "लेकरां" असं काहीतरी, बस. मी आवाज वाढवला तर पंखा वाढला. दादाने मोबाइल कानाला लावला, या कानाला, त्या कानाला, आणि खाली ठेवला. मला रडूच कोसळलं. एवढं कुलूप उघडलं आणि आत काय, तर नुसते होकार!

"परत लाव," आई म्हणाली.

लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. एका जागी तिने हात वर केला. तिथे गुणगुण संपायच्या आधीच तिचं "होय म्हाराजा" आलं होतं. घाईने, बाबांना तोडून.

"हय तुझा नाव होता," ती दादाला म्हणाली. "झील बोटीर आसा, तेका सुखरूप हाड. तेंचा पुरा होवच्या आधीच मी म्हणा होतंय. दरवर्षी. माका धीरच निघा नाय होतो."

दादा बोटीवरचा माणूस, वादळं बघितलेला. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. काकू डोळे पुसत होत्या. मग तो वळला, नळावर तोंड धुवून आला आणि देवांपुढे जाऊन उभा राहिला.

"आई, बाबांचे शब्द माझ्याकडे नाहीत गो. माझे घालू?"

आईने पदर डोक्यावर घेतला.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही तिघी.

"माझ्या बाबांनी हय संसार केलो. गिरणी बंद झाली तेव्हाय तू उपाशी ठेवलंस नाय..."

"होय म्हाराजा!"

"माका दर्यारसून परत हाडलंस..."

इथलं "होय म्हाराजा" आईचं एकटीचं आलं, पुन्हा त्याचं वाक्य तोडून. दादा थांबला नाही.

"आता ही जागा सोडूची येळ इली हा. आमच्याकडसून काय चुकला आसात तर पोटात घाल..."

"होय म्हाराजा!"

"आणि ही माझी आई, हट्टान बसलेली आसा. तिचो हट सोडव, आणि तिका आमच्या वांगडा नव्या जाग्यात सुखान धाड!"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. काकूही गप्प राहिल्या. हा होकार आमचा नव्हता. आईने दादाकडे पाहिलं, मग देवांकडे, मग पंख्याच्या हुकाकडे, जिथून पंखा कालच उतरवला होता. दादा हात जोडून तसाच उभा.

"होय म्हाराजा," आई म्हणाली.

मग गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि मला म्हणाली, "तो मसाल्याचो डबो खय ठेवलंस गो? तो मी माझ्या हातात घेवन येतलंय."